भाविका तामोरेचा ब्रिज

भाविका तामोरे ‘बहुतेक’ म्हणत नाही. काम होईल का विचारलं तर ‘होईल’ म्हणते, नाहीतर ‘नाही होणार’ म्हणते. मधलं काही तिच्याकडे मिळत नाही. तिची आई तानी बोईसरच्या बाजारात मासे विकते. तिथे रोज घासाघीस, रोज ‘बघू’ आणि ‘उद्या या’. तिच्या पोटी ही अशी पोर कशी आली, याचं तानीला नवल वाटतं.

“हिला विचारलं, कालवण तिखट झालंय का, तर म्हणते, झालंय. बस. पुढे खाते निवांत,” तानी सांगते. तक्रार करते की कौतुक, ते कळत नाही.

नवापूरच्या कोळीवाड्यात लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरचं काम करणारी भाविका ही एकटीच. पालघरला डिप्लोमा केला आणि तारापूर एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात लागली. तिथले कॉम्प्युटर हितेशभाई सांभाळत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिला एका काळ्या लोखंडी मशीनसमोर उभं केलं आणि सांगितलं, याच्या पोटात चार कॉम्प्युटर आहेत.

तिने झाकण उघडून पाहिलं. एकच होता.

“असे नाही दिसणार,” हितेशभाई हसले. “सॉफ्टवेअरने केलेत. व्हर्च्युअल मशीन. पण चौघांनाही वाटतं, आपण वेगळे आहोत.”

हे तिला फार आवडलं. बाकीच्यांना जिथे डोकेदुखी दिसे, तिथे तिला मजा दिसे. अडचण एकच होती. पोटातले हे कॉम्प्युटर बाहेर हाक मारू शकत, पण बाहेरच्याला त्यांना हाक मारता येत नसे. त्यासाठी मोठ्या मशीनच्या आत ब्रिज बांधावा लागतो. ब्रिज म्हणजे लिनक्सने तयार केलेला, डोळ्यांना न दिसणारा एक स्विच, म्हणजे अनेक केबली एकमेकींना जोडणारा डबा. मशीनचं खरं नेटवर्क कार्ड त्याला जोडायचं. आतले कॉम्प्युटरही त्यालाच जोडायचे. मग प्रत्येकाला स्वतःचा पत्ता मिळतो आणि शेजारचा कुठलाही कॉम्प्युटर सरळ त्याच्यापर्यंत पोचतो.

पहिला ब्रिज तिने सुट्टीच्या दिवशी बांधला, नवापूरच्या घरी बसून, लांबूनच. मशीनचा पत्ता नेटवर्क कार्डावरून काढून ब्रिजला द्यायचा असतो. तिने तो कार्डावरून काढला. ब्रिजला द्यायच्या आधीच समोरचा पडदा गप्प झाला. ज्या वाटेने ती आत शिरली होती तीच वाट तिने उचलून घेतली होती. स्कूटर काढली आणि पाम गावावरून सुसाट कारखान्यात गेली.

“मैडम, आज छुट्टी है,” फाटकावरचा माणूस म्हणाला.

“सर्व्हरला नाही,” ती म्हणाली आणि आत गेली. मशीनपाशी बसून उरलेलं काम केलं. दुसऱ्या दिवशी हितेशभाईंना स्वतःहून सांगितलं. तेव्हापासून लांबून काही बदलायचं झालं तर ती आधी मशीनला बजावून ठेवते: थोड्या वेळात माझा आवाज आला नाही, तर सगळं होतं तसं करून टाक.

पुढे हितेशभाई पुण्याला गेले, मोठ्या कंपनीत. भाविकाने नोकरी सोडली आणि सालवडच्या एका गाळ्यात टेबल टाकलं. आसपासच्या लहान कारखान्यांचे सर्व्हर बघू लागली. काम होतं, पण तुटक. हितेशभाईंचा फोन येई. इथे ये, जागा आहे, तुझ्यासाठी अडवून ठेवलीय. ती म्हणे, सांगते; हाताला काम तुटक, म्हणून इथेच तेवढं तिचं ‘नाही’ निघत नसे.

तिला जायचं नव्हतं. समुद्र सुटत नाही वगैरे काही नाही. भरतीच्या वेळी तिला उलट झोप लागत नाही. तिचं म्हणणं साधं होतं. हे काम इथेही आहे, इथल्या माणसांनाही लागतं, मग ते करायला इथलं माणूस का नको?

म्हणून गावच्या दर्यालक्ष्मी मच्छीमार सोसायटीने विचारलं तेव्हा ती एका पायावर तयार झाली.

सोसायटीच्या शेडमध्ये माशांचा लिलाव होतो. वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा होता, भाव दाखवणारा लाल अक्षरांचा बोर्ड होता. पण ते चालवणारा कॉम्प्युटर खाऱ्या हवेने दरवर्षी गंजे. हिशेबाचा कॉम्प्युटर वेगळा, बर्फाच्या कारखान्याचं तापमान बघणारा वेगळा. तिघांपैकी एक तरी आजारी असेच. भाविकाने सांगितलं, एकच चांगलं मशीन घ्या, बंद खोलीत ठेवा, तिघांना त्याच्या पोटात घालते.

सोसायटीचे अध्यक्ष दादूकाका. तरुणपणी तांडेल होते, स्वतः बोट हाकायचे. अजून कुणाच्या शब्दावर पटकन चालत नाहीत.

“म्हणजे एका घरात तीन चुली,” ते म्हणाले.

“तीन चुली. आणि तिघींची दारं गल्लीत उघडतात. काट्याला लिलाववालीकडं जायचं असलं तर तो सरळ तिच्या दारात जाईल. घरमालकाला विचारायचं काम नाय.”

“आन घरमालक आजारी पडला तर?”

“तिघी पडतील.”

दादूकाकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “हे बरं सांगितलंस.”

“तुमी विचारलंत.”

शेवटी ठरलं ते असं. नारळीपौर्णिमेनंतर बोटी सुटल्या की सुरुवात करायची. थोडे दिवस चालवून बघायचं. मग शेजारच्या गावच्या सोसायटीची माणसं बघायला बोलवायची, आणि त्या दिवशीचा लिलाव नीट झाला तर काम कायमचं भाविकाचं. शेजारचेही देतील. नाहीच झाला, तर सगळं बोईसरच्या एका कंपनीच्या गळ्यात घालायचं.

“मंग तू जा पुण्याला,” दादूकाका म्हणाले. “तितं तुजी वाट बघतायत म्हणं. आमी अडवणार नाय.”

तिने मशीन बसवलं. त्याला नेटवर्कची दोन तोंडं होती. एकातून केबल ऑफिसच्या स्विचला गेली. दुसऱ्यातून नवी केबल थेट शेडमधल्या स्विचला, म्हणजे ऑफिसात काही बिघडलं तरी लिलाव थांबायला नको. दोन्ही तोंडं तिने ब्रिजला जोडली. आधी ऑफिस आणि शेड यांच्यामध्ये एक जुनी केबल होती. ती तिने ऑफिसच्या बाजूने काढली आणि तशीच लोंबती ठेवली. नवी तुटलीच तर असावी म्हणून.

कामाला लागली तशी यंत्रणा मुकाट चालली. चालतेय म्हणून कुणी तिच्याकडे बघेनासं झालं. भाविकाला तेच हवं होतं.

मग तो दिवस आला.

दुपारच्या भरतीला बोटी लागल्या. पापलेट चांगलं आलं होतं, बोंबील तर ढिगाने. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी केदार पाटील दोन माणसं घेऊन बोर्डाखाली उभे राहिले. बोईसरचा व्यापारी मेहुलशेठ नेहमीप्रमाणे पुढे, रुमाल मानेभोवती. तानी बायकांच्या घोळक्यात. दादूकाकांनी माइक हातात घेतला. काट्यावर पाटी चढली, बोर्डावर वजन उमटलं, बोली सुरू झाली. एक पाटी गेली, दुसरी गेली. केदार पाटील मान हलवू लागले.

तिसरी पाटी काट्यावरून उतरली. बोर्डावरचं वजन तसंच राहिलं.

चौथी चढली. वजन तेच.

“दादूशेठ,” मेहुलशेठने आवाज चढवला, “ही पाटी लई भारी. मासे उचलले तरी वजन हाय तेवढंच! अशा दहा द्या मला.”

शेडभर हसू पसरलं. तानी मागून गरजली, “तुमचा काटा तरी काय मेहुलशेठ? मासे ठेवले तरी हलत नाय!”

आता बायका हसल्या. पण दादूकाका हसले नाहीत. त्यांनी भाविकाकडे पाहिलं. केदार पाटलांनीही पाहिलं.

“बघते,” भाविका म्हणाली आणि खोलीकडे निघाली. धावली नाही. धावलं की लोकांना वाटतं, बुडालं. पापलेट उन्हात थांबत नाही. लिलाव अडला की तिचं इथलं सगळं अडलं.

खोलीत गेल्या गेल्या तिने मशीनचाच कीबोर्ड ओढला. तिन्ही कॉम्प्युटर चालू होते. लिलाववाला ठणठणीत होता. फक्त त्याला काटा दिसत नव्हता. हिशेबवाल्याला प्रिंटर दिसत नव्हता. बर्फवाल्याला थर्मामीटर दिसत नव्हतं. आत सगळे जिवंत, बाहेरचे सगळे मुके.

तिने मान वर करून भिंतीवरच्या, ऑफिसच्या स्विचकडे पाहिलं.

एरवी त्याचे हिरवे दिवे आपापल्या लयीत लुकलुकतात. एखादा मिचकतो, एखादा गप्प बसतो. आता सगळे एकदम, एका वेगाने, पिसाटासारखे फडफडत होते.

तिला कळलं. हे बिघडलेलं नव्हतं. हे गरगरत होतं.

नेटवर्कवर एखादा कॉम्प्युटर कधीकधी सगळ्यांना उद्देशून हाक मारतो: काटा कुठे आहे? स्विच ती हाक आपल्या प्रत्येक दाराने पुढे देतो. ब्रिजही तेच करतो. गल्लीला शेवट असेल तर हाक शेवटपर्यंत जाऊन विरते. पण गल्ली गोल असेल तर ती फिरून परत येते, पुन्हा पुढे दिली जाते, पुन्हा येते. विरतच नाही. मग एकीची दहा, दहाची हजार. थोड्याच वेळात गल्लीत नुसता ओरडा उरतो आणि कामाचं बोलणं कुणालाच ऐकू येत नाही.

म्हणजे कुठेतरी वाट गोल झाली होती. भाविकाने स्विचच्या केबली एकेक करून बोटांनी चाचपल्या. ही प्रिंटरची. ही मशीनची. ही हिशेबाच्या टेबलाची. आणि ही?

ही जुनी केबल होती. लोंबत ठेवलेली. ती आता व्यवस्थित स्विचच्या रिकाम्या भोकात बसली होती. उरलेली लांबी नीट वेटोळं करून टेबलाच्या पायाला बांधली होती. गाठ अशी सुरेख, की बोटीवर आयुष्य काढलेल्या माणसाशिवाय ती कुणाला जमली नसती.

तिने केबल उपटली. दिवे शांत झाले. शेडकडून आवाज आला, “आला! बोर्ड आला!”

इथे कुणीही सुटकेचा श्वास सोडून बाहेर आलं असतं. लिलाव चालू झाला होता. काहीतरी अटकलं होतं, निघालं, एवढं सांगितलं असतं तर कुणी पुढे विचारलं नसतं. पण दारात दादूकाका उभे होते. माइक दुसऱ्याच्या हातात देऊन आले होते. त्यांच्या मागे केदार पाटील. त्यांच्याही मागे सोसायटीची झाडलोट आणि राखण करणारे वामनकाका.

“काय झालं होतं?” दादूकाकांनी विचारलं.

केबल भाविकाच्या हातातच होती. “ही इथं लागली होती. लागायला नको होती.”

“कुणी लावली?”

“मी,” वामनकाका म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ते गोंधळले, पण मागे सरले नाहीत. “पावणे खोली बघायला येतील म्हणून आताच आवरली. टोक लोंबत होतं. बाजूलाच रिकामं भोक दिसलं. लावलं. बरोब्बर बसलं की.”

“तुमाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?” दादूकाकांचा आवाज चढला.

“सांगायला कशाला पायजे? मोकळं टोक कोण ठेवतो रे दादू? पायात येतं, नायतर पंख्यात जातं. तुज्या बोटीवर एक टोक मोकळं राहिलं असतं तर तू मला दर्यात फेकला असतास.”

कधीकाळी वामनकाका दादूकाकांच्याच बोटीवर खलाशी होते.

“काका, तुमची चूक नाय,” भाविका म्हणाली. “टोक मी मोकळं ठेवलं. तुमच्यासारखी माणसं वावरतात त्या खोलीत.”

केदार पाटील पुढे आले. ते म्हणाले, “ते ठीक आहे. पण आमच्याकडेही अशीच माणसं आहेत. उद्या कुणी पुन्हा अशी केबल लावली, तर?”

“तर लिलाव परत बंद,” दादूकाका म्हणाले आणि भाविकाकडे पाहत राहिले.

खरा प्रश्न हा होता. उत्तर तिला माहीत होतं. ब्रिजमध्ये यावर इलाज असतो. तो चालू केला की ब्रिज आपल्या प्रत्येक तोंडाने दर दोन सेकंदांनी एक लहानसा निरोप बाहेर सोडतो. स्वतःचाच निरोप दुसऱ्या तोंडातून परत आला, तर समजतो, वाट गोल झाली. मग एक तोंड स्वतःच मिटून घेतो. लिनक्समध्ये तो इलाज आपोआप चालू नसतो. तिनेही केला नव्हता. तो असला की मशीन चालू झाल्यावर ब्रिज अर्धं मिनिट नुसता कानोसा घेत बसतो, आणि तेवढा धीर तिला नव्हता.

“बाहेर सांगा, बोर्ड अर्धं मिनिट थांबेल,” ती म्हणाली.

“परत?”

“परत. मग नाय थांबणार.”

दादूकाका दारातून ओरडले. तिने कीबोर्डवर एक ओळ लिहिली. बोर्ड थांबला. शेडमधून मेहुलशेठचा आवाज आला, “काय, जेवायला गेला काय बोर्ड?” मग बोर्ड पुन्हा चालू झाला.

भाविकाने जुन्या केबलचं टोक वामनकाकांपुढे धरलं.

“लावा.”

“काय?”

“मघाशी लावली होतीत तिथंच लावा.”

वामनकाकांनी हात मागे घेतले. “नको गं बाय. एकदा झालं तेवढं पुरे.”

“भाविके, लिलाव चालू हाय,” दादूकाका म्हणाले. “पाटीवर पाटी चढतेय. पोरखेळ नाय हा.”

“चालू लिलावातच लावायची, काका. बंद असताना लावून काय कळणार?”

ती थट्टा करत नव्हती. तिचा चेहरा अगदी साधा होता. पुणे, सालवडचा गाळा, शेजारचं गाव, सगळं त्या एका टोकाला लटकलं होतं, आणि ते तिने आपली यंत्रणा मघाशी बंद पाडणाऱ्या माणसाच्या हातात दिलं होतं. दादूकाकांनी वामनकाकांना मान हलवून खूण केली.

वामनकाकांनी टोक भोकात बसवलं. टक् असा आवाज झाला.

दिवे एकदम फडफडले. केदार पाटील शेडच्या दिशेने वळले. बोर्डावरचे लाल आकडे क्षणभर गोठले.

भाविका हलली नाही. ती स्विचकडे बघत होती.

मग दिवे बसले. एकेक, आपापल्या लयीत. बाहेर काट्यावर नवी पाटी आदळली आणि बोर्डावर नवं वजन आलं. माइकवरच्या माणसाला काही कळलंही नव्हतं. तो बोली पुकारत होता.

“मिटलं,” ती म्हणाली. “एक तोंड मिटून घेतलं त्याने. आता शेडकडे जाणाऱ्या दोन्ही केबली लागलेल्या आहेत. एक काम करतेय, दुसरी पडून आहे. पहिली तुटली तर थोडा दम खाऊन ब्रिज दुसरी उघडेल. कुणाला यायला नको.”

वामनकाकांनी जरा विचार केला. “म्हंजे मी लावली ते बरोबर केलं.”

“मघाशी चूक होतं. आता बरोबर हाय.”

“तेच म्हणतोय मी,” वामनकाका म्हणाले आणि वाकून केबलीचं वेटोळं टेबलाच्या पायाला पुन्हा बांधू लागले. कुणी त्यांना थांबवलं नाही.

दादूकाका स्विचसमोर उभे राहिले. दिव्यांकडे असे बघत होते जसे सकाळी आभाळाकडे बघतात. “बोईसरवाल्या कंपनीचा माणूस उद्या येणार होता,” ते म्हणाले. “त्याला नको येऊ म्हणून सांगतो. तू पण तुज्या पुण्याला काय ते कळव.”

“कळवते.”

“आजच कळव. ते बिचारे जागा अडवून बसलेत.”

शेडमध्ये ते परत आले तेव्हा बोंबलाच्या पाटीवर तानी आणि मेहुलशेठ यांची जुंपली होती. तानी बोर्डाकडे बोट दाखवून वजन मोठ्याने वाचत होती आणि मेहुलशेठ, बोर्डावर विश्वास नाही, असं म्हणत होता. “मंग सोडा पाटी!” तानी म्हणाली. त्याने सोडली नाही. भाव चढत गेला. लेकीकडे तिने एकदाही पाहिलं नाही. तिला पाटी हवी होती.

केदार पाटील भाविकाच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“आमच्याकडे कधी येता?” त्यांनी विचारलं. ते तिला पहिल्यांदाच अहोजाहो करत होते.

“परवा.”

“काय काय लागेल, सांगून ठेवा. मशीन, केबल, जे असेल ते.”

“मशीनचं नंतर,” भाविका म्हणाली. “तुमच्याकडे खोली कोण आवरतं, त्यांना आधी भेटते.”